घराचा खर्ज

यंत्र तापायला वीस मिनिटं लागतात.
तोवर मी त्याच्याशी बोलत नाही.
बाहेर उणे एकोणीस. कोत्काच्या बंदरात क्रेन
मान वर करून गोठलेल्या,
आणि या खोलीचा रेडिएटर नोव्हेंबरपासून आजारी.
थंडीत याचा सूर उतरतो,
म्हणजे, चढतो.
काय ते आमचं अजून ठरलेलं नाही.

लाहटीच्या एका निवृत्त पाद्र्याकडून घेतलं,
साडेचारशे युरो, वर काकडीच्या लोणच्याची बरणी.
"यात आवाज साठवता येत नाही," तो म्हणाला,
गाय विकताना तिची खोड सांगावी तसा
जमिनीकडे बघत.
नॉब जिथे असेल तिथे आवाज.
नॉब हलला की गेला.

पॅनलवर पेन्सिलच्या बारीक खुणा होत्या,
काही पुसट, काही दोनदा गिरवलेल्या.
कुठल्या रविवारच्या, कोण जाणे.
मी त्या खोडल्या नाहीत.
त्यांच्यावर नॉब आणून ठेवले एकदा,
तर यंत्रातून नुसती फुंकर आली,
कुणीतरी गरम सूप निववत असल्यासारखी.

आज टेप लावली. चार ट्रॅक, कॅसेट जुनी,
तिच्यावर आधी भावाच्या लग्नातली भाषणं होती.
लाल दिवा. हेडफोन.
आणि सगळ्याच्या तळाशी: घूं.

एकतीस वर्षं क्रेनच्या वायरिंगमध्ये हात घातलेत,
अर्थिंग मला कुणी शिकवू नये.
केबली बदलल्या, दिवा काढला,
फ्रिजचा प्लग उपसला.
घूं.
लिफ्ट थांबेपर्यंत थांबले.
घूं.
शेवटी मेन स्विचच पाडला.
घूं गेली.
यंत्रही गेलं, अर्थात.

अंधारात स्टुलावर बसले मग,
एका हातात टॉर्च, एका हातात काही नाही,
आणि स्वतःलाच हसू आलं.
वरच्या मजल्यावर हिल्क्का चालत होती,
त्र्याऐंशी वर्षांची, रात्रीची झोप नाही,
काठी, पाय, पाय. काठी, पाय, पाय.

पुन्हा वीज. पुन्हा वीस मिनिटं.
या वेळी मी घूंशी भांडले नाही.
पहिला ऑसिलेटर तिच्या शेजारी नेऊन ठेवला.
दोन सूर फार जवळ आले की खटके उडतात:
वंववंववंव
नखभर फिरवला
वंव वंव वंव
श्वास रोखून, केसभर
वंव        वंव
                वं
आणि मग घूं सापडेना.
फिल्टर उघडला तरी नाही, मिटला तरी नाही.
भिंतीतली वीज माझा खर्ज धरून बसली होती,
पन्नासच्या ठेक्यावर, न थकता,
तिला कुणी कधी पट्टी विचारली नव्हती.

बाकीचं सगळं तिच्यावर लावलं,
वरचे दोन सूर, एक आळशी, एक तिखट,
आणि नऊ मिनिटं बोट उचललं नाही.
सातव्या मिनिटाला आठवलं: फ्रिज!
डाव्या पायानं प्लग खुपसला.

उशीर झाला होता.
ऑगस्टमध्ये दलदलीत तीन दिवस डास खाऊन
वेचलेल्या पिवळ्या बेरी
वितळून वाडग्यात उतरल्या होत्या.

सकाळी हिल्क्काला बोलावलं.
दोघींनी बेरी खाल्ल्या, चमच्यानं, साखरेशिवाय.
तिच्या पांढऱ्या केसांवर हेडफोन चढवला.
नऊ मिनिटं तिनं चमचा चाटला नाही.
मग म्हणाली,
"शेवटाकडे कुणीतरी खोकतं ना,
तेवढं फार छान आहे."

तो फ्रिज होता, हिल्क्का.
असेल, ती म्हणाली, आणि वाडग्याकडे वळताना
तिच्या जाड लोकरी बाहीनं
फिल्टरचा नॉब पार तिकडे गेला.

मी बघत राहिले.
ती म्हणाली, काय झालं?
काही नाही, म्हटलं. अजून घे ना,
या परत गोठवता येत नाहीत.